यादीत नाव नसलेलं स्थळ

लग्नं जमवणाऱ्यांना किस्से शोधावे लागत नाहीत हो, फॉर्मांबरोबर आपोआप येतात! सयाजीगंजातल्या आमच्या मराठी वधू-वर मंडळात दर रविवारी मी आणि कुसुमताई फॉर्म घेत बसायचो. त्या वर्षी पेपरात आलं, की हिंसक गुन्हेगारांची यादी कुणालाही पाहता येईल, असा कायदा करायचं चाललंय. कुसुमताईंनी त्याच दिवशी पाठिंब्याचं निवेदन लिहिलं आणि सह्यांसाठी टेबलावर ठेवलं. हे किस्से त्या दिवसांतले. हसू येतं, पण फार वेळ टिकत नाही.

* * *

पहिले आले एक रिटायर्ड हेडमास्तर. पेन उघडलं आणि थांबले.

"यात बायकोला मारणारेपण येणार?"

"येणार तर!"

"तेवढं काढा. लगेच सही करतो."

* * *

एका मुलाची आई म्हणाली, "आमच्या चिरंजीवांचं नाव त्यात नाही, असं सर्टिफिकेट मिळेल ना? फॉर्मला जोडते."

यादी अजून निघायची होती! आणि आम्ही बाईंना काही विचारलंही नव्हतं. तो फॉर्म मी दोनदा वाचला.

* * *

मग कुसुमताईंनी फॉर्मवर हातानं एक नवा रकाना आखला: 'रागात हात उचलता का?'

मकरपुऱ्यातल्या कारखान्यातल्या एका इंजिनिअरनं सुंदर अक्षरात लिहिलं, 'घराबाहेर कधीच नाही.'

वर आमच्याकडे बघून हसला. त्याला वाटलं, चांगलं उत्तर दिलं!

* * *

मंडळाचे वकील जयेशभाई. त्यांनी समजावलं, की शिक्षा झालेल्यांचीच नावं यादीत येतील.

"आणि केस मिटवली असेल तर?" कुसुमताईंनी विचारलं.

"समाधान थई गयुं ने बेन, तो नाम ना आवे."

म्हणजे तडजोड झाली, की यादीत नाव नाही. कुसुमताईंच्या मेधाची केस मिटवलेली होती. नवऱ्याविरुद्ध मायलेकी कुठे ब्र काढणार नाहीत, असं लिहून दिलं तेव्हा तिला फारकत मिळाली. सावली गावचं ते स्थळ मी सुचवलं होतं. त्याची लाज अजून जात नाही.

* * *

आणि दोन महिन्यांनी मेधाच्या त्याच नवऱ्याचा फॉर्म आला! 'घटस्फोटित, निर्व्यसनी. घटस्फोटाचं कारण: स्वभाव जुळले नाहीत.' नव्या रकान्यात ठसठशीत 'नाही'.

पुढच्या रविवारी एका मुलीचे वडील त्याच्याच चौकशीला आले. "पत्रिका जुळलीय, ताई. घरात सगळ्यांना पसंत आहे. बुधवारी साखरपुडा करतोय. माणूस कसा आहे, तेवढं सांगा म्हणजे झालं."

मी तोंड उघडलं. कुसुमताईंनी हातानंच मला गप्प केलं.

"आम्हाला सांगता येत नाही, भाऊ. सही करून दिलीय." मग त्यांनी आतल्या खोलीत फॉर्म लावत बसलेल्या मेधाला हाक मारली. उत्तर आलं नाही, तेव्हा उठून तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि खुर्चीवर बसवलं.

"ही त्यांची पहिली बायको. हीपण काही सांगणार नाही. तुम्हाला विचारायचं असेल तर विचारा."

ते गृहस्थ अवघडून मेधाच्या शेजारी बसले.

"तिथे नको, भाऊ," कुसुमताई म्हणाल्या. "उजवीकडे बसा. डाव्या कानानं तिला आता ऐकू येत नाही."