सगळ्यात चिंचोळी जागा

रस्त्यांच्या खात्यात नोकरी केली की दोन गोष्टी आपोआप साठतात. चपलेत खडी आणि डोक्यात किस्से. खडी घरी येऊन झटकता तरी येते. किस्से मात्र जात नाहीत. दुपारी डबा उघडला की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, ते तळवलीचं सांगा ना!"

आमचं काम ऐकायला सोपं आहे. नवी मुंबईतला रस्ता मोजायचा आणि त्याला वर्ग द्यायचा. मोठा रस्ता, आतला रस्ता, नाहीतर पायवाट. माप घ्यायचं ते सगळ्यात चिंचोळ्या जागी. बाकी गल्ली कितीही ऐसपैस असू दे, एका ठिकाणी अडली की झाली पायवाट! आणि एकदा पायवाट ठरली की तिथे गाडीसाठी काहीही होत नाही. काँक्रीट नाही, उघड्या गटारावर झाकण नाही, मधला खांब कुणी हलवत नाही.

टीम तिघांची. जगताप साहेब, मूळचे साताऱ्याकडचे, आवाज मोठा आणि मन मऊ. आकडे लिहिणारी मी. आणि टेपचं टोक धरणारा दामू, सारसोळ्याचा कोळी.

*

तळवलीला आम्ही पोचायच्या आधी बातमी पोचली होती. बघतो तर गल्ली चकाचक! स्कूटर आत, कुंड्या आत, वाळत घातलेल्या चादरीसुद्धा आत. आणि नेमक्या चिंचोळ्या जागी एक जाडजूड काका भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून उभे. चेहरा लालबुंद.

"काका, काय झालं? बरं वाटत नाही का?"

काकांना बोलायला श्वासच नव्हता. त्यांच्या सुनेने लाजत सांगितलं, "गल्ली मोठी भरावी म्हणून उभे आहेत."

"अहो काका, सोडा श्वास! आम्ही भिंती मोजतोय, माणसं नाही!"

आम्ही इतके हसलो की दामूच्या हातून टेप सुटला. मग माप घेतलं. पायवाटच निघाली. काका म्हणाले, "म्हणजे धरला काय न् सोडला काय, सारखंच."

*

त्याच आठवड्यात एका सेक्टरमधल्या सोसायटीत गेलो. सेक्रेटरींनी एसी लावला, वेफर्स मागवले. मला वाटलं, आता रस्ता मोठा करून मागतील. तर उलटंच!

"साहेब, आमचा रस्ता जरा खालच्या वर्गात टाका ना. मोठा म्हणून सगळं ट्रॅफिक इकडूनच घुसतं. पोरांना सायकल चालवता येत नाही. फुल टेन्शन आहे."

साहेब म्हणाले, "आहे ती रुंदी मी कुठं लपवू?"

दामू कोपऱ्यात बसून ऐकत होता. जिना उतरताना हळूच म्हणाला, "साएब, त्यांना नको हाय ती रुंदी आमच्या गल्लीत टाकता आली अस्ती तर?"

साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दामूच्या बापाला हृदयाचं दुखणं होतं. छातीत कळ आली की लगेच हलवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि त्याच्या दारापर्यंत गाडी जात नव्हती.

*

मग एक दिवस सारसोळ्याची पाळी आली. दामूची गल्ली तोंडाशी चांगली मोकळी आहे. पुढेही मोकळी. उघडं गटार आणि मधला खांब आहेच, पण माप अडतं ते फक्त एका जागी. तिथे एका घराचा ओटा पुढे आलाय. घर कुणाचं? दामूचंच!

ओट्यावर त्याचा बाप जाळं विणत बसला होता. गुडघे गेल्यापासून होडी बंद, दिवसभर तिथेच. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबायचा, काय मासळी आली ते सांगायचा, शिव्या खाऊन पुढे जायचा.

आम्हाला बघून म्हातारा ओरडला, "मोजा, मोजा! माजी टांग पन मोजा, ती बी रस्त्यावर हाय!"

साहेबांनी दामूला बाजूला घेतलं. "अरे, हा ओटा काढला तर गल्ली आतला रस्ता होते. गाडी दारात येईल."

उत्तर दिलं ते दामूच्या आईने, दारातून. "दर्यावरनं उतरला तो. आता वट्यावरनं पन उतरवू काय त्याला?"

साहेब खाकरले, इकडेतिकडे बघितलं आणि पुटपुटले, "दामू, टेप जरा सैल धर."

दामूने टेप ताणून धरला. "सैल धरून काय करू साएब? गारी थोरीच बारीक होनार हाय?"

मी लिहिलं, पायवाट. दामू मान खाली घालून टेप गुंडाळत राहिला. इतका वाईट शब्द मी आजवर लिहिला नव्हता.

*

पुढचा किस्सा डबा खाताना मी सांगत नाही. आज सांगते.

भर दुपारी दामूचा फोन वाजला, बापाच्या छातीत कळ आली होती. आम्ही तिघं जीपने सुटलो. आमच्या आधी ॲम्ब्युलन्स आली होती आणि गल्लीच्या तोंडाशी उभी होती. ड्रायव्हर बिचारा उतरून आत बघून आला होता. "नाही जाणार हो. मधे खांब, बाजूला उघडं गटार. ट्राय करून अडकलो तर मागे पण येता येणार नाही."

दामूच्या बापाला लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. निघाल्याबरोबर अडले. ओट्याच्या जागी चौघं एकदम मावेनात! खुर्ची खाली ठेवायची, तिरकी करायची, पुन्हा उचलायची. साहेब स्वतः गटारात पाय टाकून उभे राहिले. मागून दामूची आई ओरडत होती, "चला ना रे! चला ना!"

म्हातारा गल्लीच्या तोंडापर्यंत पोचला तो गेलेलाच. मी तिथेच रस्त्यावर बसून रडले. ऑफिसची बाई रडतेय म्हणून लोक बघत होते. बघू देत.

*

दिवसकार्य झालं आणि दामूच्या आईने ओटा फोडला. मजूर लावला नाही. शेजारची पोरं पुढे आली तर हाकलून दिली. एकटीने घण घातला, एकटीने घमेली भरली. मग दामूच्या हाती निरोप पाठवला, "तुज्या साएबाला सांग, आता माप."

आम्ही गेलो. दामूने टोक धरलं. साहेबांनी आकडा वाचला आणि चष्मा पुसत दुसरीकडे तोंड केलं. मी लिहिलं, आतला रस्ता.

काँक्रीट झालं, गटारावर झाकणं आली, खांब हलला. रस्ता झाला म्हणजे नियमही आले. रस्त्यावर काही ठेवायचं नाही! आणि दामूची आई रोज संध्याकाळी, ओटा होता बरोबर त्याच जागी, ती लाल खुर्ची टाकून बसते. शेजारी दुसरं काही नाही, मांडीवर ते अर्धं विणलेलं जाळं. त्यावर तक्रारही आली. अडथळा हटवायचं काम आमच्याच सेक्शनचं. साहेबांनी विचारलं, "कोण जातंय?" दामू खिडकीबाहेर बघत राहिला. मी पेन्सिलीला टोक करत बसले. शेवटी साहेबच म्हणाले, "मी जातो." गेले, तिच्या हातचा चहा पिऊन परत आले.

परवा मी दामूकडे गेले होते. मावशी, म्हणजे दामूची आई, खुर्चीत आणि मी दाराच्या उंबऱ्यावर, अशा गप्पा मारत होतो. एवढ्यात सायरन वाजला. गल्लीच्या आतल्या टोकाला एक पोर बाळंतपणाला अडली होती, तिच्यासाठी ॲम्ब्युलन्स आली होती. या गल्लीच्या आत पहिल्यांदाच.

मावशी उठली. खुर्ची उचलून भिंतीला लावली, स्वतः भिंतीला चिकटून उभी राहिली. गाडी समोरून आत गेली. थोड्या वेळाने पोरीला घेऊन बाहेर आली, न थांबता मोठ्या रस्त्याला लागली. आवाज विरेपर्यंत मावशी तिकडे बघत होती.

मग तिने खुर्ची परत जागेवर ठेवली. बसली मात्र नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "बगितलंस? सरल गेली."