पाइपातलं पहिलं पाणी

“ओंजळ कर,” बाई म्हणाल्या आन् पाइप वर धरला.

भूम गावातल्या त्या बंगल्यावर कामाचा माझा पहिलाच उन्हाळा. सकाळपासून मी लॉनमधलं तण काढत होते. नरडं कोरडं पडलं म्हणून पाणी मागितलं. ओट्यावर माठ, माठावर तांब्या. पण आमच्या वस्तीतल्यांना वरूनच पाजायचं, ही त्यांची रीत. पाइपातलं पाणी चटका बसंल असं तापलेलं. तसंच प्याले. काम पाहिजे होतं.

मग बाईंनी लॉनचं शिकवलं. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी गवताला द्यायचं न्हाय, करपतं. ते बाजूला सोडायचं, बोअरचं गार आलं की मग गवतावर. कापायचं ते बी उंच राखून, म्हंजी बुडात सावली राहती. लई जीव त्यांचा गवतावर! गवताला गार आन् मला तापलेलं, हे काय कळत नव्हतं व्हय? पण गार ते गवताचं, म्हणून बाजूला सोडायचं ते पाणी मीच प्यायला लागले. अंगवळणी पडलं.

एका दुपारी माय भाकरी घेऊन आली. घामानं भिजलेली. फाटकातनंच म्हणाली, “घोटभर पाणी दे गं.”

बाई व्हरांड्यात बसल्या होत्या. त्या एक शब्द बोलल्या न्हाईत, देवाशपथ. मीच नळ सोडला. मीच पाइप उचलला. हात लांब करून, वर धरून. मायनं ओंजळ धरली, घोट घेतला आन् हात झटकले.

“तोंड भाजलं की!” मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, “तू बी वरूनच पाजतीस व्हय गं?”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. गवतासाठी मी रोज पाणी गार व्हायची वाट बघत होते. मायसाठी थांबले न्हाय. आजबी ते आठवलं की बाईंचा राग येतो, पण स्वतःची लाज त्याच्यापेक्षा जास्त वाटते.

मी पाइप टाकला, ओट्यावर चढले आन् माठात तांब्या बुडवला.

“अगं, तो आमचा प्यायचा माठ आहे!” बाई ओरडल्या.

“मायबी प्यायलाच आलीय,” मी म्हणाले.

माय तांब्याला तोंड लावून प्याली. काम त्याच दिवशी सुटलं.

माय म्हणती, जाऊ दे, सोड. मी सोडणार न्हाय. त्या बाईंना न्हाय आन् मलाबी न्हाय. आता कुठं बी कामाला गेले की फाटकातच विचारते, “आमाला पाणी कशातनं देता?” उत्तर ऐकते, मगच आत पाय टाकते.