अंशतः वगळलेला झोपाळा

१९३५ चा भारत सरकार कायदा मी तलासरीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अनेक वर्षे शिकवला. धडा कोरडा. ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून तोडला, सिंध मुंबई इलाख्यापासून वेगळा काढला, प्रांतांना स्वायत्तता दिली आणि ती परत घेण्याची सोय गव्हर्नरच्या हातात ठेवली, एवढे सांगून होईपर्यंत मागचे बाक मनाने घरी पोहोचलेले असत. मग मी हुकमाचे पान काढी.

"याच कायद्याखाली आपला डहाणू तालुका आणि शेजारचा उंबरगाव पेठा, म्हणजे पोटतालुका, 'अंशतः वगळलेले क्षेत्र' ठरले. मुंबईत झालेला कायदा इथे आपोआप लागू होत नसे. गव्हर्नर म्हणेल तेव्हा आणि म्हणेल तेवढाच. आणि आजचे तलासरी तेव्हा उंबरगावातच होते!"

एवढ्या मोठ्या कायद्यात आपला मुलूख सापडला की मुले सावरून बसत. एकदा एका मुलीने विचारले, "सर, मग आमच्या पाड्यावरची एसटी पण अंशतः वगळलेली आहे का?" वर्ग हसला, मीही हसलो. तो शब्द एक दिवस माझ्याच ओटीवर येऊन बसेल, हे तेव्हा सुचायला हवे होते.

आमचे घर डहाणूजवळ, चिकूच्या वाडीत. मी आणि धाकटा भाऊ एकत्र राहत होतो. मी शिकवायचो, तो वाडी पाहायचा. मुले शिक्षणासाठी बाहेर होती. माझी पत्नी वाणगावची, डाळीत मिरची सढळ हाताने घालणारी. भावाची बायको उंबरगावची, म्हणजे आताच्या गुजरातेतली. डाळीत गूळ नसला तर तिला ते आजाऱ्याचे पथ्य वाटे. ती गमतीने सांगायची, "माझी आजी रात्री मुंबई राज्यात झोपली आणि सकाळी गुजरातेत उठली. खाटसुद्धा हलली नव्हती."

तिच्या आजीची खाट हलली नसेल, पण सीमा मात्र आमच्या पातेल्यातून जात होती. एकीने डाळ फोडणीला टाकावी, दुसरीने जाता जाता झाकण उचलून गुळाचा खडा सोडावा, पहिलीने चव घेऊन पुन्हा मिरची ठेचावी. जेवायला बसल्यावर मी आणि भाऊ एकमेकांकडे पाहत नसू. कोणाच्या चेहऱ्यावर काय उमटेल, आणि ते कोण कसे वाचेल, याचा भरवसा नव्हता.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये ठाणे जिल्ह्याचे दोन झाले आणि आम्ही पालघरवाले झालो. त्याच श्रावणात एके दुपारी माझी पत्नी म्हणाली, "अहो, एवढ्या मोठ्या जिल्ह्याचे दोन होतात. आमच्या चुलीचे का होऊ नयेत?"

आतून तिच्या जाऊबाईंचा आवाज आला, "वहिनी, मी हेच बोलणार होते!"

कित्येक वर्षांत त्यांचे असे एकमत झाले नव्हते. मला त्यातच समाधान मानून गप्प बसता आले असते. पण मी म्हणालो, "मी नीट मसुदा करतो. म्हणजे पुढे वाद नको."

या वाक्याची मला आजही लाज वाटते. कोणी मागितला नव्हता मसुदा. मी मात्र सुटीचे दोन दिवस बसून कलमे पाडली. स्वयंपाकघर थोरल्या चुलीकडे, मागची पडवी धाकट्या चुलीकडे. पाटा, वरवंटा आणि फ्रिज सामाईक. सणासुदीचा स्वयंपाक एकत्र. ज्या चुलीवर पदार्थ शिजेल, तिथे त्याच चुलीचा शब्द अखेरचा. प्रांतिक स्वायत्तता इतकी स्वच्छ शब्दांत इंग्रजांनाही जमली नव्हती, असे मला त्या वेळी वाटले.

राहिली ओटी आणि तिच्यावरचा झोपाळा. भाऊ संध्याकाळी वाडीतून येई, पाय धुऊन झोपाळ्याच्या उजव्या बाजूला बसे. मी कॉलेजातून येऊन डाव्या. मध्ये चहा. बोलणे फारसे नसे. "आज हवा पडलीय, दादा." "हं." "वटवाघळं लागलीत चिकूला." "हं." दिवसभरात आम्हा दोघांचे एवढेच बोलणे, आणि मी सकाळपासून त्याची वाट पाहत असे. ही जागा कोणत्या चुलीला द्यायची? मला ती कोणालाच द्यावीशी वाटेना. मी लिहिले: ओटी व झोपाळा हे अंशतः वगळलेले क्षेत्र राहील, दोन्ही चुलींचे नियम तेथे लागू होणार नाहीत.

मोठ्याने वाचून दाखवले. हरकत कोणीच घेतली नाही. भाऊ म्हणाला, "भारी लिहिलंयस, दादा." मला ते प्रशस्तिपत्र वाटले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही झोपाळ्यावर बसलो. कड्या करकरल्या. हवा पडली होती, तेही बोलून झाले. चहा येईना. मी आत डोकावलो.

"चहा?"

"ओटीवर आमचा कायदा चालत नाही ना?" पत्नी भाजी चिरत म्हणाली. "स्वयंपाकघरात बसा, आता देते."

पडवीत गेलो. जाऊबाई म्हणाल्या, "भाऊजी, मी आधण ठेवणार होते. पण वहिनींना वाटायचं, मी त्यांच्या हद्दीत घुसले."

आठवडाभरात भाऊ पडवीत चहा पिऊन तिथेच टीव्हीसमोर बसू लागला. मी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून पिऊ लागलो. झोपाळ्यावर मांजर बसे. कायदा तिला कोणीच लावला नव्हता.

आता सरळ माणसाने काय केले असते? बोलला असता. मी दुरुस्तीचा मसुदा केला. दिवसाआड एकेका चुलीने चहा द्यावा, असे सुचवले. त्यावर सोमवारी कोण आणि साखर कोणाच्या डब्यातली, इथपर्यंत चर्चा गेली आणि थांबली. शेवटी मी जे केले ते सांगताना अजूनही आवाज खाली जातो. मी थर्मास विकत घेतला.

गावातून चहा आणला असता तर माझ्या आधी बातमी घरी पोहोचली असती. म्हणून कॉलेज सुटल्यावर मी स्कूटर घराच्या उलट दिशेला, गुजरातच्या सीमेवरच्या अच्छाड चेकनाक्याकडे वळवली. तिथल्या ढाब्यावर ट्रकवाल्यांच्या रांगेत उभा राहिलो. चहावाल्याने माझा इस्त्रीचा शर्ट आणि थर्मास पाहून विचारले, "सेठ, हॉस्पिटल में कोई है क्या?"

"नाही," मी म्हणालो. "घरीच आहे."

संध्याकाळी भावाला खुणेने ओटीवर बोलावले. तो आला. झोपाळ्याखालून थर्मास काढून मी दोन कप भरले. त्याने एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि हळूच विचारले, "दादा, हा कुठल्या चुलीचा?"

"राज्याच्या हद्दीवरचा."

तो इतका हसला की कप हिंदकळला. मीही हसू लागलो, झोपाळा वेडावाकडा हलला आणि थर्मास लवंडून फरशीवर गडगडत थेट उंबऱ्याला जाऊन आपटला. एका दारातून माझी पत्नी बाहेर आली, दुसऱ्या दारातून जाऊबाई.

"बाहेरचा चहा?" पत्नी म्हणाली.

"घरात दोन दोन चुली असताना?" जाऊबाई म्हणाल्या.

"लोक काय म्हणतील? दोघी मिळून एक कप चहा देत नाहीत?"

"आणि वेलची किती ओतलीय यात, वहिनी, वास बघा!"

"अगं, दूधही पावडरचं असणार."

त्या दोघी एकमेकींची वाक्ये पुरी करत होत्या. आणि मला वर्गात दरवर्षी सांगायचो ते आठवले: त्या कायद्याने एक गोष्ट साधली, एरवी ज्यांचे पटत नव्हते त्या पक्षांनीही त्याला एका सुरात नावे ठेवली. हे मी इतकी वर्षे सांगत होतो आणि समजत मात्र नव्हतो.

"यात दोष तुमचा नाही," मी म्हणालो. पुढे कलम सुचेना. "मला फक्त ह्याच्याबरोबर चहा प्यायचा असतो. दुसरं काही नाही."

भाऊ कपात पाहू लागला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"एवढंच?" पत्नीने विचारले.

"एवढंच."

"मग तसं सांगायचं की! अंशतः कसलं नि वगळलेलं कसलं! दोन दिवस पंखा लावून बसला होतात त्यासाठी?"

दोघी आत गेल्या. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून दोन कप आले, आल्याचे, तिखट. पाठोपाठ पडवीतूनही दोन कप आले, गवती चहाचे आणि चांगलेच गोड. चारही झोपाळ्यावर आमच्या मध्ये ठेवून त्या दारात उभ्या राहिल्या. पाहत होत्या, आधी कुठला उचलतो ते.

भावाने माझ्याकडे पाहिले. मग त्याने एका हातात एक आणि दुसऱ्या हातात दुसरा कप घेतला, आणि मीही तसेच केले.

चुली अजून दोन आहेत. मसुदा कुठे गेला ते ठाऊक नाही. संध्याकाळी आतून हाक येते ती मात्र आता नवीन नावाने येते. जाऊबाई सुरुवात करतात, पत्नी शेवट करते.

"अहो अंशतः..."

"...वगळलेले! चहा निवतोय."

आणि भाऊ उजव्या बाजूला सरकून जागा करतो.