भूगोलाची ‘ब’ बॅच

माझी मुलगी सायन्सला गेली ती माझ्यामुळं आणि आर्ट्सला गेली ती स्वतःमुळं. अकरावी-बारावीची दोन वर्षं ती फिजिक्सचं पुस्तक उघडायची ती थंडीत गार पाण्यात हात घालावा तशी. निकाल लागला, मार्क बरे पडले, आणि जेवताना ती म्हणाली, “पप्पा, मी बी.ए. करणार.” आठ दिवस आमच्यात धुसफुस चालली. नवव्या दिवशी मीच तिला गाडीवर मागं बसवून घेऊन गेलो आणि ॲडमिशन करून आलो.

मला वाटलं, झालं, सुटलो. पण पंधरा-वीस दिवसांनी कॉलेजचा मेसेज आला. सोमवारी दहा वाजता नव्या मुलांचं ओरिएंटेशन, सोबत एक पालक हवा, आणि त्याच दिवशी विषय नक्की करायचे. मेसेजला आठ पानांची यादी जोडलेली होती. मेजर, मायनर, दुसऱ्या शाखेतला एक विषय, कौशल्याचा एक. मी यादी दोनदा वाचली आणि फोन तिच्याकडं परत दिला.

मी वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. आमच्याकडं नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला टोपी आणि बूट देतात आणि कुठं हात घालायचा नाही ते सांगतात. ओरिएंटेशन म्हणजे तसंच काहीतरी असेल, असा माझा अंदाज होता. सोमवारी माझी सकाळची पाळी होती. ती बदलून मागायला मी मशीनवरच्या माझ्या जोडीदाराकडं गेलो. त्याची मुलगी त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. त्यानं लगेच हो म्हटलं. मग मी त्याला माझा बेत सांगितला. मेजर इंग्रजी, मायनर अर्थशास्त्र आणि वरून बँकेचा एखादा विषय, म्हणजे पुढं परीक्षा देता येतील.

त्यानं हातमोजे काढले आणि विचारलं, “तेरे कू पढना है क्या?”

“नाही.”

“तो फिर उसकू पूछ ना भाई.”

मी तिला विचारलं नाही. रविवारी एका कागदावर माझा बेत नीट लिहून काढला आणि तिच्यापुढं ठेवला. तिनं तो वाचला, “हं” म्हणाली आणि घडी करून पर्समध्ये टाकला. तिची आई दोन ड्रेस पलंगावर पसरून कुठला इस्त्री करायचा ते विचारत होती. ड्रेसचं ठरल्यावर मुलगी माझ्याकडं वळली.

“पप्पा, उद्या कंपनीचा शर्ट नका घालू.”

“का? लाज वाटती का?”

“तसं नाही हो. त्यात तुम्ही सारखे घाईत दिसता.”

मी पांढरा शर्ट काढला. तोही तिच्या आईनं इस्त्री करून ठेवला.

सोमवारी आम्ही साडेनऊलाच पोचलो. हॉल भरलेला होता. पुढं मुलं, मागं पालक. बिडकीनहून आलेले एक गृहस्थ माझ्या शेजारी बसले होते. मुलाची सगळी कागदपत्रं त्यांनी दप्तरासारखी मांडीवर धरली होती. आधी प्राचार्य बोलले, मग एकेका विषयाचे शिक्षक. बहुतेकांनी आपापल्या विषयाची थोरवी सांगितली. माझं लक्ष पंख्याकडं जात होतं.

मग भूगोलाच्या मॅडम उठल्या. बारीक अंगाच्या, पण आवाज असा की माईक नसता तरी चाललं असतं. त्यांनी विषयाचं नावसुद्धा घेतलं नाही. थेट विचारलं, “तुमच्या घरी नळाला पाणी कितव्या दिवशी येतं? आणि किती जोरात?”

हॉलमध्ये एकदम गलका झाला. कुणी सहावा म्हणतंय, कुणी आठवा, हॉस्टेलवाले आमच्याकडं टँकर म्हणतायत. मागं पालकसुद्धा बोलायला लागले. मॅडमनी हात वर करायला लावले, आणि तिसऱ्या ओळीत माझ्या मुलीचा हात दिसला. चारचौघांत तोंड न उघडणारी पोरगी ती. मला वाटलं, केस नीट करतीय.

ती उभी राहिली. “मॅडम, आमच्याकडं आणि आमच्या मावशीकडं एकाच दिवशी येतं. पण तिच्याकडं वरच्या मजल्यापर्यंत चढतं आणि आम्हाला खालीच मोटार लावावी लागते.”

“असं का होत असेल?”

“ती दोन गल्ल्या पलीकडं राहते, पण उतारावर.”

“उतार आहे, हे कशावरून ठरवलंस?”

“पाऊस झाला की आमच्या गल्लीतलं पाणी वाहत तिच्या दारापुढं जातं. मावशी दरवर्षी आमच्या नावानं बोटं मोडते.”

हॉल हसला. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, “हा भूगोल आहे. बस खाली.”

ती बसली, आणि तेवढ्यात मागं वळून तिनं मला शोधलं. तिचा चेहरा मला लांबूनही दिसत होता. फिजिक्सच्या दोन वर्षांत मी तो तसा कधी पाहिला नव्हता. शेजारच्या गृहस्थांना मी म्हणालो, “माझी मुलगी आहे.” ते म्हणाले, “व्हय का? लई हुशार हाय.”

कार्यक्रम संपल्यावर व्हरांड्यात टेबलं मांडली होती. ती धावतच आली. “पप्पा, मला मेजर भूगोल घ्यायचाय. आणि मायनर मानसशास्त्र.”

“भूगोल घेऊन पुढं काय करणार?” मी विचारलंच.

“माहीत नाही. चला, मॅडमना विचारू.”

मॅडमनी खोटी आशा दाखवली नाही. सर्वेक्षण आणि नकाशांची कामं असतात, नगररचनेत माणसं लागतात, स्पर्धा परीक्षा तर आहेतच. पण नोकरीची हमी त्या देणार नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला ते बरं वाटलं. इंग्रजीचा बेत तिथंच सोडला. मी तिला म्हणालो, “घे.” तिनं माझ्या दंडाला घट्ट धरलं आणि लगेच सोडलं, कारण आजूबाजूला मुलं होती.

पण फॉर्म घेणाऱ्या तरुण सरांनी मान हलवली. तिचं नाव आडनावाप्रमाणं भूगोलाच्या प्रॅक्टिकलच्या ‘अ’ बॅचमध्ये येत होतं. मंगळवार, गुरुवार, दुपारी बारा. आणि मानसशास्त्राचे तास? मंगळवार, गुरुवार, दुपारी बारा. “मायनर बदला,” ते म्हणाले आणि पुढच्या मुलाचा फॉर्म घेतला.

तिचा चेहरा पडला. मी तिला म्हणालो, “वेळापत्रकाची प्रत आण फक्त.”

आमच्या लाइनच्या पाळ्यांचा तक्ता गेली बारा वर्षं मीच लावतो. कुणाचं लग्न, कुणाचा रोजा, कुणाची आई दवाखान्यात, आणि मशीन तर थांबता कामा नये. मी जिन्याच्या पायरीवर बसलो, मांडीवर कागद घेतला आणि सहा दिवसांचे सहा रकाने आखले. ‘ब’ बॅच बुधवारी आणि शुक्रवारी बारा वाजता होती. ती घेतली की मानसशास्त्र मोकळं. पण दुसऱ्या शाखेतला विषय म्हणून तिनं रोपवाटिका निवडली होती, ती बरोबर बुधवारी बाराला. त्याऐवजी सोमवारी आणि शनिवारी बसणारा एकच विषय राहत होता. बँक व्यवहार.

मी कागद तिच्यापुढं धरला. तिनं रकान्यांवरून बोट फिरवलं, बँकेपाशी थांबली आणि माझ्याकडं बघितलं.

“मी मुद्दाम नाही केलेलं,” मी म्हणालो.

“शप्पथ?”

“तूच बसवून बघ.”

तिनं बसवून बघितलं. मग हसायला लागली. मॅडमनी ‘ब’ बॅचला लगेच सही दिली, तिथं मुलं कमीच होती. सरांनी आमचा कागद टेबलावर सपाट केला, दोनदा पाहिला आणि म्हणाले, “अरे, हे जमतंय की!”

फॉर्म जमा करून आम्ही निघणार, तेवढ्यात रांगेतली एक मुलगी पुढं आली. वैजापूरची, हॉस्टेलला राहणार होती. सोबत आलेले मामा गाडी पकडायला गेले होते. “काका, माझंही बघता का? माझा इतिहास आणि हिंदी एकाच वेळी येतंय.” तिचं बघितलं. मग बिडकीनचे गृहस्थ मुलाला घेऊन आले. मग आणखी दोघं. तास-दीड तास मी त्या पायरीवर रकाने आखत बसलो होतो, आणि माझी मुलगी शेजारी उभी राहून लोकांना रांग लावत होती. कंपनीत मी तक्ता लावला की चार जण तरी कुरकुर करतात. इथं प्रत्येक जण थँक्यू म्हणून जात होता.

दोन वाजता भुकेनं कळवळून आम्ही गेटबाहेरच्या गाड्यावर भजी आणि पाव घेतला. तिनं घरी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि आईला सगळे विषय ओळीनं वाचून दाखवले.

“आई, ऐकलंस का?”

“ऐकलं गं. तुला आवडलेत ना? मग बास. मैत्रीण झाली का एखादी?”

“झाली ना. वैजापूरची आहे.”

“तिला रविवारी जेवायला बोलव. हॉस्टेलचं जेवण कसलं असतंय!”

आता पहिलं सत्र संपत आलंय. बँक व्यवहार भयंकर कंटाळवाणा आहे, हे मला आठवड्यातून दोनदा ऐकावं लागतं, सोमवारी आणि शनिवारी. वैजापूरची मुलगी जवळपास दर रविवारी येते. जेवणं झाली की दोघी बैठकीत फरशीवर नकाशांचे मोठे कागद पसरतात. माझी मुलगी डोंगरांच्या समोच्च रेषा काढते आणि दुसरी तिला पेन्सिलींना टोक करून देत गप्पा मारते. आम्हा दोघांना भिंतीला चिकटून स्वयंपाकघरात जावं लागतं. परवा मी चुकून एका डोंगरावर पाय दिला, तर दोघी एकदम ओरडल्या.