तिघांना विचारणाऱ्या अक्का

"थांबा, अजून दोघांना विचारू द्या की," असं म्हणत अक्का समोरच्याचं बोलणं पंजा दाखवून थोपवायच्या. वांग्याचा भाव असो, मंगळवेढ्याची एसटी सुटायची वेळ असो, कुणाच्या लग्नाची बातमी असो. तीन तोंडांतून सारखी आल्याशिवाय ती त्यांच्या लेखी खरी नसे. तुमच्याही गल्लीत असं कुणी असेल, आणि तुम्हीही त्याला वैतागला असाल.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. सोलापुरात आमच्या घरासमोर त्यांची पिठाची गिरणी होती. नवऱ्यामागे ती त्यांनीच चालवली. घरात कानडी, गिरणीत मराठी. मी सहकारी बँकेत हिशेबाचं काम करायचो, पण त्यांच्यासाठी मी तम्मा, म्हणजे कानडीतला धाकटा भाऊ. पट्ट्याच्या खडखडाटावरून त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे यायचा: "तम्मा, डबा न्या, दळण झालं. ज्वारीत खडे लई हाईत, घरात सांगा." आमच्याकडे ज्वारी कशी निवडतात, हे साऱ्या गल्लीला कळायचं.

त्यांना मिश्रीची, भाजलेल्या तंबाखूनं दात घासायची, सवय होती. एका उन्हाळ्यात जिभेच्या कडेला फोड आला आणि बरा होईना. मुलानं दवाखान्यात नेलं. तिथं तुकडा काढून तपासला. आठवड्यानं एका संध्याकाळी मुलगा माझ्याकडे आला आणि चपला न काढताच म्हणाला, "काका, कॅन्सर आहे. आईला सांगायचं नाही असं घरात ठरलंय."

तेव्हा तशीच रीत होती. रोगी सोडून सगळ्यांना माहीत असायचं. पण यांचं एक चुकलं. काय सांगायचं नाही ते ठरलं. त्याऐवजी काय सांगायचं, हे ठरवायचं राहून गेलं.

अक्कांनी आपल्या सवयीप्रमाणे तिघांना विचारलं आणि आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"लेक म्हणतो उष्णता. दीर म्हणतो रक्त कमी. सून म्हणती अक्कलदाढ. या वयात, तम्मा." त्या हसल्या आणि हसताना गाल धरला. "तिघांनी तीन रोग सांगितले. म्हंजे चौथाच हाय."

पुढचं ठरेपर्यंत घ्यायला म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. खोक्यातला घडीचा कागद त्यांनी माझ्यापुढे धरला. "इंग्रजी हाय. लिवलंय तेवढं सांगा. घालू नका, गाळू नका."

मी तसंच सांगितलं. औषध कोणत्या रोगावर, इथं तो शब्द आला. मी तो गाळला नाही. मग पुढचं वाचलं: रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, रक्त तपासत राहावं लागतं, उलट्या होतात, तोंडात फोड येतात.

"तोंडातल्या फोडाला औषध, आन् त्यानंच तोंडात फोड?"

"तसंच लिहिलंय, अक्का."

"मग चला, देणाऱ्यालाच विचारू."

दुसऱ्या दिवशी मी, मुलगा आणि त्या, असे गेलो. बाहेर बाकांवर खूप गर्दी होती. डॉक्टर दमलेले दिसत होते. ते आधी मुलाकडे बघायला लागले.

"त्याच्याकडं नका बघू," अक्का म्हणाल्या. "जीभ माझी हाय."

डॉक्टरांनी कागदावर जीभ काढली आणि शांतपणे सांगितलं. जिभेचा रोगट भाग कापून काढायचा आणि मग मिरजेला जाऊन किरणांचा शेक घ्यायचा, यात आशा जास्त. नुसता शेक घेतला तर आशा कमी, पण जीभ राहते. नुसत्या औषधानं रोग काही काळ थोपेल, जाणार नाही.

मी माझ्या स्वभावानुसार विचारलं, "शंभरात किती बरे होतात?"

"आकडा सांगता येईल," ते म्हणाले, "पण तो शंभर जणांचा असेल. या एका बाईंचा नाही."

अक्कांचा प्रश्न वेगळा होता. "कापल्यावर बोलता येईल?"

"येईल. लोकांना समजायला वेळ लागेल."

घरी मुलगा रडकुंडीला आला. "आई, बोलणं गेलं तर जाऊ दे. तू पाहिजेस." त्यांनी मला विचारलं. मीही ऑपरेशनच म्हणालो. डॉक्टरांचंही मत तेच होतं.

"तिघांचं एक झालं. खरंच असंल," त्या म्हणाल्या. "पन मला कापायचं न्हाय. शेक घेते."

मिरजेहून परत आल्या तेव्हा मानेची कातडी काळवंडली होती आणि तोंडात लाळ सुटत नव्हती. भाकरी गिळवेना, म्हणून आंबिल प्यायच्या. पण हिवाळाभर गिरणीत बसल्या आणि बोलल्या. खडे, कोंडा, कुणी डबा विसरला, सगळं. ऐकून मलाही वाटायला लागलं होतं की आम्ही तिघे चुकलो.

उन्हाळ्यात फोड पुन्हा उठला. जीभ जड झाली, आवाज खाली गेला. गिरणी सुनेनं हातात घेतली. अक्का भिंतीला टेकून बसायच्या. त्यांचे ओठ हलले की सून बटण बंद करायची. पट्टा थांबायचा, पिठाची धूळ खाली बसायची, आणि डबे घेऊन उभी असलेली माणसं गप्प राहायची. नंबर जातोय म्हणून एरवी भांडणारीसुद्धा. अक्का दोन शब्द बोलायच्या, बहुधा कुणाच्या तरी दळणाबद्दल. सून मान हलवायची आणि बटण दाबायची.

दिवाळीनंतर आमचं दळण लवकर मिळायला लागलं. गिरणी मध्ये थांबत नव्हती.