गौराच्या जागी मारुती

हे मी कुणाला सांगितलेलं न्हाय. बायकोला न्हाय, भजनातल्या जोडीदारांना न्हाय, देवळात एकटा बसलो तेव्हा देवालाही न्हाय. बायको गेली, जोडीदार निम्मे गेले — आता ऐकणारं कोण उरलंय? तुम्ही. तुमचा माझा काही संबंध न्हाय, तेच बरं. ओळखीच्या माणसापुढं माझी मान वाकत न्हाय. स्वभावच तसा. त्याचा मला लई अभिमान होता.

शाळा माझी चौथीपर्यंत. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चुकलं. गाण्यात मात्र चूक काढून दाखवा, असं मी आमच्या साऱ्या येळ्ळूर गावाला सांगत आलो. कुणी काढली न्हाय. चूक होती, तरी न्हाय.

उन्हाळ्यात बेळगावची एक पोरगी आली, अनघा. बँकेत नोकरी करते आणि सुट्टीला गिटार घेऊन गाते. तिच्या गाण्याला ब्लूज म्हणतात. मी म्हटलं, हे कसलं नाव? तिनं फोनवर ऐकवलं. परक्या मुलखातला एक काळा म्हातारा. कापसाच्या रानात राबणाऱ्या लोकांची ही गाणी, म्हणाली. बोटात काचेची नळी घालून तो तारेवरनं सरकवत होता, आणि तार आजारी माणसागत कण्हत होती. एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. भाषा मला कळली न्हाय. पण मी ओट्यावर टेकून बसलो होतो तो ताठ झालो. असली गाणी मी ऐकली होती. निपाणीत, तंबाखूच्या वखारीत.

“आप्पा, असं जड गाणारे आपल्याकडचे कोण कोण आवडतात तुम्हाला? जुने सांगा, आताचे सांगा. मी फोनवर घेतो, लोकांना ऐकू दे.” आमच्या बेळगावकडं बाया पण ‘घेतो’, ‘करतो’ असंच बोलतात.

मी थाटात सांगायला बसलो. जुन्यात पहिला निपाणी स्टँडवरचा एकतारीवाला. दोन ओळींच्या मधे खोकायचा, पण तो खोकलासुद्धा तालात. मग संकेश्वरच्या बाजारात कानडी पदं म्हणणारी एक आंधळी म्हातारी. तिनं आवाज कधी चढवला न्हाय. आपणच वाकून जवळ जायचं. मग आमच्या गावचा एक गोंधळी. बायको वारल्यावर त्यानं संबळ खाली ठेवला, तो लई दिवसांनी उचलला — आणि त्या दिवशी त्यानं जे वाजवलं ते ऐकून बाया भाकरी थापायच्या थांबल्या. आताच्यात एक ट्रकवाला आहे. हायवेच्या कडेला गाडी लावून केबिनमध्ये गातो आणि फोनवर टाकतो. मागं इंजिनाची घरघर असते. लोक म्हणतील, हे काय गाणं? मी म्हणतो, हेच. गाताना चांगलं दिसायची ज्याला हौस, तो मला नको. अनघाला पण तोंडावर सांगितलं, तुझ्या गळ्यात अजून साखर जास्त आहे.

ती हसली. “कमी करतो की आप्पा. आमचा डॉक्टर पण तेच सांगतोय.”

मग तिनं सहज विचारलं, “आणि तुमचं ते हळदीचं गाणं? ते कुणाकडनं आलं?”

“ते माझं हाय,” मी म्हणालो.

बघा — दात गेले, गळा गेला, तरी तोंडातनं तेच आलं.

ते माझं न्हाय.

तरणा होतो तेव्हा निपाणीला आत्याकडं राहून मी वखारीत बोदं, म्हंजे तंबाखूचे मोठे गठ्ठे, उचलायचो. बायका रांगेनं बसून तंबाखूची पानं निवडायच्या. वास असा की नवख्याला घेरी यावी. त्या बायकांत एक गौरव्वा होती. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि गाण्यात दोन्ही. तिनं रचलेलं हे गाणं मी पहिल्यांदा बोद खांद्यावर असताना ऐकलं, आणि खाली ठेवायचं विसरलो.

हात माझे पिवळे, हळदीनं न्हवं गं,
हात माझे पिवळे, हळदीनं न्हवं गं,
तंबाखूच्या पानांनी वरीस सरलं गं.

आणि मधेच साऱ्या बायका मिळून कानडीत म्हणायच्या, “यारिगे हेळलि यव्वा.” कुणाला सांगू, आई. शेवटच्या कडव्यात तिचं नाव यायचं — संतांच्या अभंगात येतं तसं. “गौरा म्हणे, झाड गं पदर, वास काय जाईना.” रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात असायचं, ही आपल्याकडची रीत. कागद न्हाय, सही न्हाय. तेवढंच नाव. ते काढलं तर माणूसच काढलं गाण्यातनं.

मी काढलं.

कसं काढलं? एका दमात न्हाय. गावी परत आलो, भजनात गळा नावाजला, आणि बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून भरणाऱ्या सीमेच्या सभांना मला गायला बोलवू लागले. तिथं हे गाणं म्हणायचं मी ठरवलं. कानडी ओळ आधी कापली, तिथं “कुणा सांगू माय गं” घातलं. मी स्वतःला सांगत आलो की त्या व्यासपीठावर कानडी शब्द काढला असता तर लोकांनी खाली ओढलं असतं. खरं सांगू? समोर बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरात कानडी सून नाहीतर कानडी मावशी होती. कुणी काही म्हणालं नसतं. भ्यालो तो मी.

नाव तेवढं पहिल्या वेळी ठेवलं होतं. गाणं झाल्यावर एकानं विचारलं, “मारुती, ही गौरा कोण रं?” तेवढाच प्रश्न. निपाणीच्या वखारीतली एक बाई आहे, एवढंच उत्तर द्यायचं होतं. आणि मला वाटलं, हसतील. बोदं उचलायचा आणि बायकांची गाणी गोळा करायचा, म्हणतील. मी म्हणालो, “हाय असंच कायतरी.” पुढच्या सभेला गायलो, “मारुती म्हणे, झाड गं पदर.”

पुरुषाच्या नावाखाली पदर आला म्हणून कुणाला खटकलं न्हाय. गौळण बाप्येच गातात की. पण माझं नाव तिथं नीट बसत न्हवतं. दोन अक्षरांच्या जागेत तीन कोंबायची, म्हणून तो “मा” मला आधीच्या सुरातनं ओढून आणायला लागायचा. लोक म्हणायला लागले, आप्पांनी तो “मा” घ्यावा आणि आपण ऐकावा. चोरी जिथं दिसायला पाहिजे होती, तिथंच वाहवा मिळाली. आणि मी ती घेतली. वर्षानुवर्षं.

एवढंच असतं तर मी लिहायला बसलोच नसतो. गाणी काय, इकडची तिकडं होतातच. पण पुढचं —

गौरव्वा वारल्यावर काही वर्षांनी निपाणीत बिडी वळणाऱ्या बायकांची गाण्याची स्पर्धा होती. मी प्रमुख पाहुणा. फेटा, हार, सगळं. एक बाई उठली, कस्तुरी. गौरव्वाची लेक. मी तिला लहानपणी वखारीच्या दारात खेळताना बघितलं होतं. तिनं तेच गाणं धरलं. कानडी ओळीसकट. मागच्या बायकांनीही ती ओळ उचलली. आणि शेवटी, “गौरा म्हणे.”

मागनं कोणीतरी ओरडलं, “आगं, हे आप्पांचं गाणं. आईचं नाव घुसडलंस व्हय?” लोक हसले.

कस्तुरी घाबरली न्हाय. म्हणाली, “आमच्या आईचं हाय हे. मी पाळण्यात हुतो तवापासनं ऐकतोय.”

“मग आप्पांना इचार की. हितंच बसल्यात.”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तिनंही बघितलं, आशेनं. तिला वाटलं असणार, हा म्हातारा वखारीत होता, ह्याला ठाऊक आहे.

मी माईक घेतला. काय बोललो ते अजून शब्दाला शब्द आठवतं. “लेकरानं आईच्या मायेपोटी नाव घातलं असंल. घालू द्या. गाणं काय कुणाच्या बापाचं नसतंय.”

टाळ्या पडल्या. माझ्या मोठ्या मनाला. जिचं चोरलं तिच्याच लेकीला मी चोर ठरवलं — आणि वर माफ केलं. कस्तुरी खाली मान घालून उतरली. मला शाल दिली. मी ती पांघरून घेतली.

अनघा येऊन गेली आणि मला झोप लागेना. निपाणीची बस धरली. सांगायचंच म्हणून गेलतो. कस्तुरी दारात मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती, शेजारीण बाजूला बसली होती. मला बघून ती उठली, पाया पडली.

“आप्पा, वाट कशी चुकलासा? बसा की. चहा टाकतो.”

चहा आला. मी विचारलं, “गातीस का न्हाय अजून?”

“कवाच सोडलं.” मग शेजारणीकडं वळून म्हणाली, “ह्यांचंच गाणं आईनं उचललंतं आणि आपलं म्हणून मला शिकवलं. मला काय ठावं? भर सभेत तोंडघशी पडलो. आप्पांनी पोटात घातलं म्हणून, न्हायतर काय खरं न्हवतं. आईची लाज वाटती बघ अजून.”

तिला आईची लाज वाटते. माझी न्हाय.

त्या क्षणी बोलायचं होतं. तोंड उघडलंही. समोर कोण होतं? एक कस्तुरी, एक शेजारीण. सभा न्हवती, व्यासपीठ न्हवतं. तेवढ्या दोन बायकांपुढं माझी मान वाकली न्हाय. मी म्हणालो, “चहा बेस झालाय गं.” आणि उठलो.

गाणं गौरव्वाचं आहे. चाल तिची, शब्द तिचे, कानडी ओळ तिची. गौरव्वानं कुणाचं काही उचललं न्हवतं.

हे मी मराठीत लिहिलंय. कस्तुरी कानडी शाळेत गेली, आणि ती शाळाही लवकर सुटली. तिला मराठी बोलता येतं, गाता येत होतं. वाचता येत न्हाय. लिहायला बसलो तेव्हाच मला हे ठाऊक होतं.