गुलाबआत्यावरचा आळ

गुलाबआत्यावर अन्याय झाला तो रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, खडवलीच्या एका नर्सरीत, कामावरच्या सगळ्या बायकांसमोर. हे आधीच सांगतो, कारण दहाव्याला जमलेले लोक ‘तिचं आयुष्यच तेवढं’ म्हणून मोकळे झाले.

ही माझी सख्खी आत्या, आंबिवलीची. नर्सरीत रोपांना पाणी सोडायचं काम तिचं. पुढे शेटने पाण्याच्या वेळा सांभाळणारी विजेची पेटी आणली. आत्या तिला सूनबाई म्हणायची. वेळेवर उठते, उलटून बोलत नाही. पावसाळ्यात पाणी लागेना म्हणून पेटी बंद ठेवली तेव्हा आत्याने आतला चौकोनी सेल काढून ठेवला. वापरात नसलेल्या रेडिओतले सेल आपण काढतोच, नाहीतर गळतात. शेट समोरच होता, बरं केलंस म्हणाला. उन्हाळ्यात त्यानेच पेटी सुरू केली, वेळा लावल्या. सेल कुणालाच आठवला नाही.

रामनवमीला नर्सरी बंद होती. दुपारी लाइट गेली, संध्याकाळी आली. वीज नसताना वेळा लक्षात ठेवायला तो सेल असतो. तो नव्हता, म्हणून पेटी लावलेलं सगळं विसरली आणि कारखान्यातून भरून आलेल्या वेळांवर चालू लागली. जरासा शिडकावा हवा तिथे पाणी वाहतच राहिलं, मिरचीची कोवळी रोपं मातीसकट गेली. शेट म्हणाला, हिनेच बटणं फिरवली. आत्या नाही नाही म्हणत राहिली. त्याने फाटक दाखवलं.

मी तेव्हा कल्याणात कामगारांची पत्रकं वाटत फिरायचो. जाब विचारायला गेलो तर शेटने आत घेतलं नाही. पत्रक काढतो म्हटलं तर आत्याच नको म्हणाली, नाव छापलं तर गाव हसेल. गाव तसंही हसतच होतं. शेजारीण ओट्यावरून विचारायची, “गुलाबे, सूनबाईनं काढली का गं घराबाहेर?” आत्याही हसायची. पण एकदा मला जवळ बसवून म्हणाली, “खरं सांग रं, माझाच हात लागला असंल का?” मी नाही म्हणालो... पण का नाही, ते मला कुठे ठाऊक होतं? माझं ‘नाही’ तिला पुरलं नाही. दिवाळीआधी तापाने गेली.

तेराव्यानंतर पुन्हा नर्सरीत गेलो. नवा माळी मला ओळखत नव्हता. पेटी आता नीट चालते का विचारलं, तर त्याने झाकण उघडून सेल दाखवला. “आता नाय वेळा विसरत. शेटनी उन्हाळ्यातच मेकॅनिक आणलेला. तो बोलला, सेल नाय म्हणून झालं. तवाच बसवला.”

उन्हाळ्यातच! तेव्हा आत्या दोन स्टेशनं पलीकडे जिवंत होती, स्वतःच्या हातांकडे बघत बसलेली. शेटला विचारलं, तिला का नाही सांगितलं? तो म्हणाला, “आता बोलून काय उपयोग? ती तर गेली.”

वाचणाऱ्यांनो, तुम्ही कामावरच्या माणसावर असा आळ घेतला असेल आणि पुढे खरं कळूनही गप्प बसला असाल, तर हा पेपर खाली ठेवा. निरोप धाडू नका. स्वतः त्याच्या दारात जा आणि शेजाऱ्यांदेखत सांगा, तो माणूस आहे तोवर.